पोरांचे बूट घेताना: इकोफ्रेंडली म्हणजे नक्की काय बघायचं

साधारण तीन ते आठ वर्षांच्या, म्हणजे एका जागी पाच मिनिटं न टिकणाऱ्या पोरांच्या आईबापांसाठी हे लिहितेय. बूट पर्यावरणाला बरे असावेत असं हल्ली बऱ्याच जणांना वाटतं, मग मोबाईलवर शोधलं की बांबू, ऊस, कॉर्क, समुद्रातलं प्लास्टिक असं काय काय समोर येतं, किमती बघून डोळे पांढरे होतात आणि शेवटी आपण कोपऱ्यावरच्या दुकानातून लाइट लागणारे बूट घेऊन घरी येतो. माझं म्हणणं एवढंच की सुरुवात मटेरियलपासून करूच नका. पोरांच्या बुटांचा सगळ्यात जास्त कचरा होतो तो चुकलेल्या मापामुळे आणि गरजेपेक्षा जास्त जोड घेतल्यामुळे, मटेरियल त्याच्या नंतर येतं.

का ते सांगते. 2013 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी एका रनिंग शूचा जन्मापासून कचऱ्यापर्यंतचा हिशोब मांडला होता. एका जोडामागे जवळपास 14 किलो कार्बन डायऑक्साइड, आणि त्यातला दोन तृतीयांश भाग निव्वळ कारखान्यात बूट बनताना. 65 सुटे भाग आणि ते जोडायला 360 पेक्षा जास्त पायऱ्या. तो मोठ्या माणसाचा बूट होता, पोरांचा त्याहून लहान असतो हे मान्य, पण मुद्दा तोच राहतो की बूट डब्यातून बाहेर यायच्या आधीच बहुतेक नुकसान होऊन गेलेलं असतं, त्यामुळे आलेला जोड झिजेपर्यंत कोणाच्या तरी पायात राहणं हीच खरी बचत. ऊसापासून बनवलेला महागडा बूट दोन महिन्यांत घट्ट होऊन कपाटात गेला तर त्यातलं इको कुठे गेलं सांगा.

आधी घरातले जोड मोजा

आत्ता उठून शू रॅक उघडा. शाळेचे काळे, पीटीचे पांढरे, खेळायचे स्पोर्ट्स, क्रॉक्स टाइप काहीतरी, सँडल, एक लग्नातली मोजडी आणि वाढदिवसाला कोणीतरी दिलेले ते चमकणारे. हे सगळं एकाच पोराचं आणि सगळं पुढच्या वर्षी होणार नाही. माझ्या मते तीन जोडांत नीट भागतं: शाळेचा एक, पळायला-खेळायला एक आणि पावसात किंवा खाली पटकन जायला पट्ट्यांचं सँडल. लग्नाची मोजडी जाऊबाईंकडून नाहीतर बिल्डिंगमधल्या कोणाकडून दोन दिवसांसाठी मागून आणा, कोणी नाही म्हणत नाही, उलट त्यांच्याकडची पण तशीच पडून असते.

शाळेचा प्रश्न जरा वेगळा, कारण तिथे आपलं चालत नाही. काळे वेगळे आणि पांढरे कॅनव्हास वेगळे असं सक्तीचं असेल तर पालक सभेत विचारून बघा की पूर्ण काळा स्पोर्ट्स शू दोन्हीला चालेल का. काही शाळा ऐकतात. चार-पाच पालकांनी मिळून विचारलं तर जास्त ऐकतात. आणि चाललं तर एक जोड वाचला, शिवाय पोराला पॉलिशच्या कडक बुटात सहा तास बसावं लागत नाही.

घरात आणि गवतावर, वाळूत, जिथे काच-खिळ्याची भीती नाही तिथे अनवाणीच खेळू द्या. पायाच्या स्नायूंना ते चांगलं आणि बूट तेवढे कमी झिजतात. मात्र जिथे उघड्यावर घाण असते अशा ओल्या मातीत नको, तिथे अंकुशकृमी म्हणजे हुकवर्मची अळी तळव्याच्या कातडीतून आत शिरते.

माप, आणि ते वाढत्या अंगाचं प्रकरण

कपडे वाढत्या अंगाचे घ्यायची आपली जुनी सवय आहे आणि फ्रॉकच्या बाबतीत ती बरोबरही आहे, पण बुटाला लावू नका. दोन नंबर मोठा बूट घेतला की टाच प्रत्येक पावलाला वर उचलली जाते, पोरगं पाय घासत चालतं, पळताना अडखळतं, आणि पाय पुढे सरकून बोटं आपटतात ते वेगळंच. घासून घासून सोल पुढून झिजतो, म्हणजे पाय मापाला येईपर्यंत बूटच संपलेला असतो. पैसे वाचवायला घेतलेला मोठा बूट असा उलटा महाग पडतो.

मग किती मोकळं ठेवायचं? सगळ्यात लांब बोटाच्या पुढे 10 ते 12 मिलीमीटर, साधारण आपल्या करंगळीच्या रुंदीएवढं. एक ते तीन वर्षांत पाय महिन्याला दीड मिलीमीटरच्या आसपास वाढतो, तीन ते सहामध्ये सुमारे एक मिलीमीटर, पुढे वेग कमी होतो. म्हणजे चार वर्षांच्या मुलाचा नीट मापाचा बूट पाचसहा महिने चालतो आणि पुढची जागा चारपाच मिलीमीटर उरली की बदलायला येतो. हे डोक्यात ठेवलं तर दोन गोष्टी आपोआप कळतात. एक, वर्षाला खेळायचे दोन जोड लागणारच, त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. दोन, पाच वर्षं टिकेल असला भारी बूट घेण्यात अर्थ तेव्हाच जेव्हा तो पुढे दुसऱ्या पोराच्या पायात जाणार असेल.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभराने पाय थोडा फुगलेला असतो. कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा, मुलाला टाच भिंतीला लावून उभं करा, बसवून नको कारण उभं राहिल्यावर पाय पसरतो. सगळ्यात लांब बोटापुढे पेन्सिल उभी धरून खूण करा आणि दोन्ही पायांचं घ्या कारण दोन पाय सहसा सारखे नसतात, मोठा असेल तो धरायचा. ऑनलाइन घेत असाल तर हा आकडा सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. बुटाच्या जिभेवर आतून शिवलेलं जे छोटं लेबल असतं त्यावर यूके, यूएस, ईयूबरोबर बऱ्याचदा सेंटिमीटरचाही आकडा असतो, तो नंबरापेक्षा जास्त कामाचा. यूकेचा एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साडेआठ मिलीमीटरच्या आसपास, आणि मुलांचे नंबर 13 पर्यंत जाऊन परत 1 पासून सुरू होतात, त्यामुळे "एक नंबर द्या" म्हटल्यावर दुकानदाराने तान्ह्या बाळाचा की आठ वर्षांच्या मुलाचा काढावा हा त्यालाही प्रश्न पडतो.

दुकानात मात्र आकड्यावर जाऊ नका. बुटाच्या आतली गादी, म्हणजे इनसोल, ओढून बाहेर काढा आणि मुलाला त्यावर उभं करा. लगेच दिसतं, पुढे किती जागा आहे आणि बाजूने पाय गादीच्या बाहेर सांडतोय का. नुसतं बाहेरून अंगठ्याजवळ दाबून बघण्यात फसगत होते कारण दाबलं की पोरं बोटं मुडपून घेतात. आणि "चावतोय का गं" विचारून काही उपयोग नाही, आवडता रंग असेल तर बूट कधीच चावत नाही! लहान मुलांचा पाय मऊ असतो, हाडं अजून पक्की झालेली नसतात, घट्ट बूट त्यांना आपल्यासारखा पटकन जाणवतही नाही.

रुंदीचं विशेष सांगायला हवं. आपले पाय रुंद असतात हे आता मोजून झालंय. चेन्नईच्या सेंट्रल लेदर रिसर्च इन्स्टिट्यूटने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 मध्ये देशभरात 79 ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय थ्रीडी स्कॅन केले, आणि निघालं काय तर भारतीय पाय सरासरीने युरोप-अमेरिकेतल्यांपेक्षा रुंद. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापांची पद्धत सुचवली गेली. ती दुकानात सगळीकडे रुळेपर्यंत आपण काय करायचं तर पुढून निमुळता बूट, कितीही गोड दिसला तरी, ठेवून द्यायचा. रुंदीला कमी पडतो म्हणून लांबीला एक नंबर मोठा घेणे हा प्रकार आपल्याकडे फार चालतो आणि मग परत तेच, टाच उचलली जाते.

हातात घेऊन काय बघायचं

टाच एका हातात, पुढचं टोक दुसऱ्या हातात धरून वाकवा. बूट चवड्याजवळ, बोटं सुरू होतात तिथे वाकला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल तर नको, अजिबातच वाकत नसेल तर त्याहून नको. टाचेचा मागचा भाग अंगठ्याने दाबा, एकदम चप्पट होऊ नये.

मग बुटाचं नाक बघा. खेळकर पोरांचा बूट जातो तो इथून. सायकल आणि स्कूटरला ब्रेक असतो हे त्यांना माहीतच नसतं, पाय घासून थांबवणार, घसरगुंडीवर उलटं चढणार, झोक्यावर पाय फरफटवणार. त्यामुळे सोलचं रबर पुढून वर वळून नाकावर चढलेलं आहे असा बूट घ्या. नुसती जाळी खाली येऊन सोलला चिकटवलेली असेल तर महिनाभरात अंगठा बाहेर डोकावतो.

आता सोल वरच्या भागाला जोडलाय कसा ते. बहुतेक स्पोर्ट्स शूजमध्ये तो निव्वळ चिकटवलेला असतो, आणि पहिल्या पावसात बूट तोंड उघडतो. कडेने खरी शिलाई असेल तर उत्तम, पण खरी हं, कारण काही ठिकाणी साच्यातच शिलाईची नक्षी उठवलेली असते. नखाने टोकरा, दोरा लागतो की नाही कळेल. शाळेच्या काळ्या बुटात बऱ्याचदा सोल थेट साच्यात ओतून वरच्या भागाला जोडतात, तो सुटत नाही सहसा, पण झिजला की बदलताही येत नाही.

लेस की वेल्क्रो? सहा वर्षांपर्यंत वेल्क्रो, वाद नको. फक्त त्यात दोरे, केस, गवत अडकून तो धरेनासा होतो तेव्हा बूट फेकू नका, जुन्या टूथब्रशने नाहीतर सुईने कचरा उपसून काढा, परत चिकटतो. अगदीच गेला तर टेलरकडे नवा तुकडा शिवून मिळतो.

लाइटचे बूट घेऊ नका असं मी स्पष्ट सांगते, रडारड झाली तरी चालेल. आत बॅटरी असते, सोलमध्ये गाडलेली, बदलता येत नाही. लाइट गेला की पोराला बूट नकोसा होतो, आणि तो जोड ना धड कचऱ्यात टाकता येतो ना ई-कचऱ्यात कोणी आनंदाने घेतं.

मटेरियल, एकदाचं

वरचा भाग. कापडी कॅनव्हास, सिंथेटिक जाळी, रेक्झिन किंवा कातडं, यापैकी काहीतरी असतं. रोज पळणाऱ्या पोरासाठी माझी पहिली पसंती जाड सुती कॅनव्हास आणि रबरी सोल, हवा खेळते, धुता येतो, फाटला तर शिवता येतो, आणि स्वस्तही असतो. तोटा एकच की भिजला की जड होतो आणि लवकर वाळत नाही. जाळीचा बूट हलका आणि लवकर वाळणारा, पण तो पॉलिएस्टर असतो. प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनवलेलं रीसायकल्ड पॉलिएस्टर असेल तर नव्या प्लास्टिकपेक्षा बरं, तरी शेवटी प्लास्टिकच.

रेक्झिनचं काय होतं तर जिथे बूट वाकतो तिथे काही महिन्यांत पापुद्रे सुटायला लागतात आणि ते दुरुस्त होत नाहीत. हल्ली त्यालाच 'व्हीगन लेदर' म्हणून विकतात. बहुतेक वेळा ते पीयू (पॉलियुरेथेन) नाहीतर पीव्हीसी अशा प्लास्टिकचा थर दिलेलं कापड असतं. प्राण्याचं कातडं नको म्हणून घेत असाल तर तो तुमचा निर्णय आणि तो योग्यच आहे, पण त्याला इकोफ्रेंडली समजून घेऊ नका.

खरं कातडं टिकतं, पायाच्या आकाराला येतं, दुरुस्त होतं. पण बहुतांश कातडं क्रोमियम वापरून कमावतात आणि त्याचं पाणी नीट शुद्ध न करता सोडलं तर नदीची वाट लागते. साल-पाल्याने कमावलेलं कातडं हा जुना रस्ता आपल्याकडे अजून जिवंत आहे, आपली कोल्हापुरी पायताणं त्यातलीच. बाभळीची साल, हिरडा यांनी कमावलेलं कातडं, खिळा न मारता कातड्याच्याच वादीने शिवलेलं, 2019 मध्ये त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून. पोरांच्या मापाची मिळतात आणि सणासुदीला, लग्नाला झकास दिसतात. पहिले काही दिवस चावतात, आतून तेलाचा हात फिरवून मऊ करायची. पळायला मात्र नाही चालणार, टाचेला धरून ठेवणारं काही नसतं, ओल्या फरशीवर सरकतात आणि पावसात भिजली की कातडं फुगतं. मोजडीच्या ऐवजी घ्या म्हणते मी, स्पोर्ट्स शूच्या ऐवजी नाही.

सोल. हलका, फुगीर, स्पंजसारखा असतो तो ईव्हीए. त्याच्या खाली रबराचा पातळ थर असला तर बूट टिकतो, नुसता ईव्हीए जमिनीला लागत असेल तर डांबरी रस्त्यावर खोडरबरासारखा संपतो. पीव्हीसी स्वस्त आणि जड, ओल्या टाइल्सवर घसरतं, मऊ करायला त्यात रसायनं घालतात आणि डबा उघडल्याबरोबर नाकात जाणारा तो उग्र वास असतो ना, तसा वास असलेला बूट मी तरी पोरांसाठी घेत नाही. खरं रबर जमिनीला धरतं. अर्थात लेबलवर 'रबर' लिहिलंय म्हणजे झाडाचा चीक असं नाही, कृत्रिम रबर पेट्रोलियमपासून होतं, त्यामुळे 'नॅचरल रबर' म्हटलं असेल तर किती टक्के ते विचारा.

राहिला पीयू, त्याची एक गोष्ट लोकांना माहीत नसते. हवेतल्या दमटपणाने पीयूचा सोल आतल्या आत तुटत जातो, आणि गंमत म्हणजे वापरात नसलेला बूटही असा जातो. मुंबई-कोकणात तर जास्तच. सेलमध्ये पुढचे दोन नंबर एकदम घेऊन माळ्यावर ठेवलेले बूट दोन-तीन वर्षांनी काढले की सोलचा भुगा हातात येतो. म्हणून सेलमधला साठा करू नका, फारतर पुढचा एक नंबर.

मटेरियल ओळखायला एक सोपी खूण आहे जिच्याकडे कोणी बघत नाही. मोठ्या ब्रँडच्या बुटाच्या तळाला किंवा आत एक बारकं स्टिकर असतं, त्यावर तीन ओळीत बुटाची चित्रं आणि शेजारी चिन्हं. युरोपातल्या 1994 च्या नियमामुळे ते लावतात आणि तेच बूट इकडेही विकायला येतात. पहिली ओळ वरच्या भागाची, दुसरी अस्तर आणि गादीची, तिसरी सोलची. अंग पसरलेल्या कातड्याचं चित्र असेल तर खरं कातडं, त्याच चित्रात छोटा चौकोन असेल तर वर थर दिलेलं कातडं, विणलेली जाळी असेल तर कापड, आणि नुसता शंकरपाळ्यासारखा चौकोन असेल तर 'इतर', म्हणजे प्लास्टिक नाहीतर रबर. त्या भागाचा किमान 80 टक्के हिस्सा त्या वस्तूचा असावा लागतो. 'लेदर फिनिश' म्हणून गळ्यात मारत असतील आणि तळाला शंकरपाळं असेल तर समजून जा.

इको, ग्रीन, नॅचरल वगैरे

डब्यावर हिरवं पान छापायला काही लागत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगविरोधी, म्हणजे पर्यावरणाच्या नावाने खोटे दावे करण्याविरुद्ध, मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यानुसार 'इकोफ्रेंडली', 'ग्रीन' असे मोघम शब्द वापरायचे तर कंपनीने पुराव्यासकट नेमकं काय ते सांगायला हवं. त्यामुळे बिनधास्त विचारा, कंपनीला मेल टाका: रीसायकल्ड आहे ते बुटाचा कोणता भाग आणि किती टक्के? कधीकधी उत्तर येतं की फक्त लेस. जे नीट आकडा देतात त्यांच्यावर मी जास्त विश्वास ठेवते, मग तो आकडा 30 टक्के का असेना.

काही शिक्के कामाचे आहेत पण प्रत्येकाचा अर्थ वेगळा. गॉट्स म्हणजे सेंद्रिय कापूस आणि त्याची पुढची प्रक्रिया. जीआरएस म्हणजे रीसायकल्ड मालाची खातरजमा. ओएको-टेक्स स्टँडर्ड 100 म्हणजे कापडात अपायकारक रसायनं ठरलेल्या मर्यादेत आहेत, त्याचा अर्थ सेंद्रिय असा होत नाही. लेदर वर्किंग ग्रुप हे टॅनरी, म्हणजे कातडं कमावायचा कारखाना, पाणी आणि रसायनं कशी हाताळते त्याचं मूल्यमापन. आणि आयएसआय मार्क आता बऱ्याच पादत्राणांना लागू झालाय, तो दर्जाचा आहे, पर्यावरणाचा नाही, पण दर्जा असेल तर बूट टिकेल म्हणून तोही बघाच.

'बायोडिग्रेडेबल सोल' या शब्दावर फार भाळू नका. ठरावीक तापमान, ओल, जंतू मिळाले तर कुजतो असं असतं ते, आणि आपला बूट जाणार कुठे, तर देवनार नाहीतर उरुळी देवाचीच्या कचऱ्याच्या डोंगरात, तिथे कोण त्याचे लाड करणार.

पुण्याच्या अरेट्टो कंपनीने वेगळा विचार केलाय, पायाबरोबर ताणत जाणारा बूट, एका जोडात तीन नंबरपर्यंत असं ते सांगतात. कल्पना मला पटते कारण ती नेमक्या दुखण्यावर आहे, पोरांचा बूट झिजण्याआधी लहान होतो. पण तुमचं पोरगं जर चार महिन्यांत बुटाचं नाक फोडणाऱ्यातलं असेल तर वाढणारा बूट वाढायच्या आतच संपेल. आपलं पोर कोणत्या जातकुळीचं आहे ते जुना जोड उलटा करून बघा: सोल झिजलेला आणि पाय अजून बसतोय, तर टिकाऊपणावर पैसे घाला, सोल नवा आणि पाय बसत नाही, तर मापावर डोकं लावा आणि दुसऱ्याचे वापरलेले घ्यायला लाजू नका.

किमतीचं एक. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी 5 टक्के आहे आणि त्याच्या वर 18. लहान मुलांसाठी 2500 च्या पुढे जायची गरज मला तरी कधी वाटली नाही.

पावसाळा

जून ते सप्टेंबर वेगळा हिशोब. बंद स्पोर्ट्स शू भिजला की आतून वाळायला पूर्ण दिवस लागतो आणि तोच दुसऱ्या दिवशी घातला की वास, बुरशी, बोटांमध्ये चिखल्या. त्यामुळे पावसाळ्यात पट्ट्यांचं, तीन ठिकाणी घट्ट-सैल करता येणारं सँडल बरं, पट्टे सैल करता येतात म्हणून ते महिना-दोन महिने जास्तच चालतं. पुढून बोटं झाकलेली असतील तर आणखी बरं. प्लास्टिकचे गमबूट मुलांना फार आवडतात पण वरून पाणी आत गेलं की बाहेर येत नाही, आणि त्यात पळता येत नाही. साचलेल्या पाण्यातून चालणं झालंच तर घरी आल्यावर पाय साबणाने धुवायला लावा, जखम असेल तर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती असते.

भिजलेला बूट वाळवायची पद्धत: गादी काढून वेगळी टाका, लेस सैल करा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बोळे बदला, पंख्याखाली ठेवा. गॅसजवळ किंवा कडक उन्हात तासन्‌तास नको, चिकटवलेलं सुटतं. क्रॉक्स टाइपचे तर उन्हात बंद गाडीत राहिले की चक्क आकसतात. वास येत असेल तर रात्रभर आत खायचा सोडा टाकून सकाळी झटका.

मोची काकांची ओळख करून घ्या

बूट जास्त दिवस चालवायचा सगळ्यात स्वस्त उपाय चौकात छत्रीखाली बसलेला असतो. चिकटवलेल्या सोलचा बूट नवा असतानाच नेऊन चौफेर शिवून आणायचा, तोंड उघडायची वाट बघायची नाही. चांगला कारागीर आधी रापीने (कातडं कापायच्या सुरीने) सोलच्या कडेने बारीक चर पाडतो, मग आरी (भोक पाडायचं टोकदार हत्यार) घालून मेण लावलेला धागा त्या चरात बसवत नेतो, म्हणजे धागा रस्त्यावर घासला जात नाही. चर न पाडता वरवर शिवलं तर महिन्यात धागा तुटतो, त्यामुळे "काका, चर पाडून शिवा" असं आधीच सांगायचं. काका एकदा बूट हातात घेऊन दाबून बघतील आणि सरळ सांगतील की हा शिवण्यासारखा आहे की नाही. खूप मऊ फोम असेल तर धागा त्याला कापत जातो, तिथे ते स्वतःच नको म्हणतात. दुकानातल्या सेल्समनपेक्षा त्यांचं ऐका.

नाक झिजलं असेल तर वरून रबराचा तुकडा लावून मिळतो. गादी चपटी झाली तर नवी कापून घालता येते. सँडलचा पट्टा, बक्कल तर पाच मिनिटांचं काम.

वापरलेले घेताना आणि देताना

भावंडांचे, नणंदेच्या मुलाचे, सोसायटीच्या ग्रुपवरचे, सगळे चालतात. काही डॉक्टर दुसऱ्याचे वापरलेले बूट नको म्हणतात आणि त्यात तथ्य आहे, कारण खूप वापरलेला बूट पहिल्या मुलाच्या चालीप्रमाणे वाकलेला असतो. म्हणून बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला कललेली, सोल एकाच कडेने झिजलेला, आत बोटांचे खोल ठसे असतील तर सोडून द्या. सरळ उभा असेल तर गादी नवी घाला, आत पुसून दोन दिवस हवेशीर ठेवा आणि खुशाल वापरा. पायाला बुरशी किंवा चामखीळ झालेल्या मुलाचे मात्र घेऊ नका. आणि सोलमध्ये नख दाबून बघा, भुगा पडतोय का, ते पीयूचं मघाशी सांगितलंच.

द्यायच्या वेळी धुवून, वाळवून द्या. फाटका बूट कामवाल्या मावशींच्या हातात कोंबू नका, आधी विचारा की माप होईल का, हवाय का. आपल्या ओळखीत कोणालाच होत नसेल तर मुंबईची ग्रीनसोल नावाची संस्था जुने बूट घेऊन त्यांच्या सोलपासून चपला बनवते आणि गरजू मुलांपर्यंत पोचवते, तिच्याकडे पाठवता येतात. सोसायटीतल्या सगळ्यांचे एकदम गोळा करून पाठवले तर कुरिअरही परवडतं. पाठवताना दोन्ही बूट लेसने एकमेकांना बांधा नाहीतर वेल्क्रोत वेल्क्रो अडकवा, पोत्यात एक इकडे आणि एक तिकडे झाला की तो जोड कोणालाच कामाचा राहत नाही.